कोपऱ्यातला ठिपका

मोंडकर टीव्हीकडे पाठ करून बसायचे. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या खाली एक लाकडी स्टूल होतं. दिवसभर त्यावर इस्त्रीचे कपडे असायचे. संध्याकाळी साडेसातची मालिका लागायच्या आधी ते कपडे बाबांच्या पलंगावर जायचे आणि स्टुलावर मोंडकर यायचे. गुडघ्यावर दोनशेपानी वही, हातात पेन आणि तोंड आमच्याकडे. टीव्हीवर काय चाललंय ते त्यांना नुसतं ऐकू यायचं, बघायचे ते आम्हाला. माझी मुलगी ऋतुजा हसली, की वहीत एक ओळ. बाबांनी जिभेने 'च्च' केलं, की एक ओळ. मी हाताला पीठ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले, तर माझीही एक ओळ. आपल्याच घरात बसून दुसऱ्याच्या वहीत जाणं किती चीड आणतं, ते अनुभव घेतल्याशिवाय कळणार नाही.

मला हा माणूस कधीच आवडला नाही. तो गेल्यावर तर नाहीच नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल चार शब्द बरे लिहावेत अशी आपल्याकडे रीत आहे आणि मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क असल्यामुळे असे श्रद्धांजलीचे कागद मी पुष्कळदा टाइप केलेत. मोंडकरांसाठी मला ते जमणार नाही. आदरार्थी बोलतेय ते फक्त सवयीने.

भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या एका गल्लीत आमची चार मजली बिल्डिंग होती, आशादीप नावाची. दुसऱ्या मजल्यावर आम्ही आणि समोरच्या दारात मोंडकर. माझं लग्न टिकलं नाही तेव्हा मी ऋतुजाला घेऊन बाबांकडे आले. बाबा परळची खोली विकून नुकतेच इथे राहायला आले होते. सामान वर चढत असताना समोरचं दार उघडलं आणि बनियनवर टॉवेल टाकलेला एक उंच माणूस बाहेर आला. कुठून आलात, गाव कोणतं, काम काय करता, हे सगळे विचारतात. यांनी विचारलं, "टीव्हीवर काय बघता तुम्ही लोक?" बाबांना गंमत वाटली. मला तेव्हाच काहीतरी खटकलं, पण हातात पाण्याचं पिंप होतं, त्यामुळे विचार करायला सवड नव्हती.

ते लालबागकडच्या एका थिएटरात ऑपरेटर होते. आता ते थिएटर नाही, त्या जागी कपड्यांचं मोठं दुकान आहे. सगळी नोकरी त्यांनी केबिनमध्ये मशीनशेजारी काढली होती. बायको लवकर गेली. मुलगा नीलेश विरारला असायचा, तो गणपतीतसुद्धा यायचा नाही. मोंडकर म्हणायचे, "मी पिक्चर कमी बघितला, पब्लिक जास्त बघितलंय. केबिनच्या खिडकीतून नुसती डोकी दिसतात. कुठलं डोकं कधी हलणार, मला आधी कळायचं." हे खरं असावं. समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली तरी त्यांना दिसायची.

त्यांचं सगळ्यात आवडतं बोलणं होतं ठिपक्याचं. नवा माणूस भेटला की पहिल्या दहा मिनिटांत ठिपका यायचाच. जुन्या सिनेमाचं एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की ऑपरेटरने दुसरं मशीन सुरू करायचं. ठिपका चुकला तर पडदा पांढरा होतो आणि खाली शिट्ट्या सुरू होतात. "हजार माणूस बसलंय समोर, एकाला दिसत नाही तो. दिसतो फक्त ऑपरेटरला. आणि माझा एकही ठिपका चुकला नाही, विचार कोणालापण," असं ते छाती पुढे काढून सांगायचे. विचारायला त्या थिएटरातलं कोणी उरलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर मशीन गेलं, पण ठिपका काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. जगात जे जे घडतं ते आधी सिनेमात नाहीतर मालिकेत दाखवलेलं असतं, उगाच नाही, मुद्दाम, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "आधी दाखवतात, मग सवय लावतात, मग करतात," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणू शकेन. दाखवणारे कोण, करणारे कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की बोट वर करायचे. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारलेली होती. डावीकडे 'दाखवलं', उजवीकडे 'घडलं'. एका मालिकेत सासूबाईंनी विजेची शेगडी घेतली आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडे गॅसचा सिलेंडर दहा दिवस उशिरा आला, तर ते दोन्ही रकान्यांत गेलं. एका सिनेमात बंगल्यात बिबट्या शिरला आणि नंतर उत्तनच्या डोंगराकडे बिबट्या दिसल्याची बातमी आली. त्या दिवशी मोंडकर पेढे घेऊन आले होते.

मी एकदा म्हटलं, काका, मालिकांमध्ये दर महिन्याला कोणाची तरी स्मरणशक्ती जाते, मेलेला नवरा परत येतो, जुळ्या बहिणी निघतात. नवघरमध्ये अजून एकाचीही स्मरणशक्ती गेलेली नाही. त्यावर ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "अजून नाही गेली." आणि वहीत माझ्या नावाने काहीतरी लिहिलं. अशा माणसाशी वाद घालून काय मिळणार होतं?

त्यांचं नाव झालं लॉकडाऊनमध्ये. सगळी बिल्डिंग घरात कोंडलेली होती. मोंडकरांना आठवलं, की त्यांनी पूर्वी चालवलेल्या एका हिंदी सिनेमात सगळं गाव तोंडाला फडकं बांधून फिरत होतं. झालं. गॅलरीत उभं राहून ते गोष्ट सांगायचे आणि समोरच्या बिल्डिंगमधले लोकही आपापल्या गॅलरीत येऊन ऐकायचे. सांगायचे मात्र फार छान. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, कोणाकडे बघून पुढचं वाक्य टाकायचं, हे त्यांना बरोबर समजत होतं. त्या दिवसांत आम्हाला दुसरी करमणूक नव्हती, हेही खरं. मीसुद्धा ऐकत होते. त्याच काळात त्यांनी आम्हाला दूध आणून दिलं, बाबांच्या गोळ्या आणून दिल्या, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझ्याआधी दवाखान्यात जाऊन बसले. हे लिहिलं नाही तर मी खोटी ठरेन, म्हणून लिहितेय.

मला खरा राग आहे तो त्यांनी बाबांचं काय केलं त्याचा. माझे बाबा, शंकर जाधव, छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवता जुळवता त्यांनी जेवढं वाचलं तेवढं आमच्या शाळेतल्या निम्म्या शिक्षकांनी वाचलेलं नाही. दर रविवारी विहारात जायचे, पण तिथेही बोलणाऱ्याला प्रश्न विचारायचे. लहानपणी मी कुठलीही गोष्ट सांगितली, की ते विचारायचे, "तू बघितलंस, का कोणी सांगितलं?" कोणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, पोथीत आहे म्हणून नाही, मोठा माणूस म्हणतो म्हणून नाही, स्वतः पारखून घ्यायचं. मी त्यावर वाढले. अशा माणसाला अंगारे देणारा बाबाबुवा फसवू शकला नसता. मोंडकर अंगारा देत नव्हते. ते म्हणायचे, पेपरवर विश्वास ठेवू नका, टीव्हीवर ठेवू नका, सरकारी कागदावर ठेवू नका, स्वतः बघा. बाबांना वाटलं, हा आपल्याच जातकुळीचा माणूस आहे. शंका घेणारा माणूस त्यांना जवळचा वाटायचा. मोंडकर स्वतःच्या वहीवर कधीच शंका घेत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी दोनदा बोलून दाखवलं, तर म्हणाले, "सुमन, तो एकटा माणूस आहे, त्याला बसू दे."

मग बिल्डिंगची नोटीस आली. त्याआधी साधारण महिनाभर साडेसातच्या हिंदी मालिकेत एक कथानक चाललं होतं. नायिकेच्या सासरची बिल्डिंग चांगली भक्कम होती, पण तिच्या दिराला ती जागा बिल्डरला द्यायची होती. म्हणून त्याने एक खोटा इंजिनियर आणला. त्या इंजिनियरने हातोडीने भिंत ठोकून बघितली, मान हलवली आणि बिल्डिंग धोकादायक आहे असा कागद लिहून दिला. सगळं घर रस्त्यावर आलं. आमच्याकडे ऋतुजा रडली. मोंडकरांनी त्या आठवड्यात किती पानं भरली कोणास ठाऊक.

आणि मग आमच्याकडे खरा इंजिनियर आला. पालिकेच्या सांगण्यावरून सोसायटीने बोलावलेला, शर्ट घामाने भिजलेला, साधा माणूस. त्याने पिशवीतून हातोडी काढली आणि जिन्यातला पिलर ठोकला. पोकळ आवाज आला. मी तिथेच उभी होते, मी ऐकला तो आवाज. पण जिन्यात जमलेली माणसं पिलरकडे बघत नव्हती, हातोडीकडे बघत होती. कोणीतरी हसलं. मोंडकर आपल्या दारात उभे होते. ते एकेकाच्या तोंडाकडे बघून हळूहळू मान हलवत राहिले. अतिधोकादायक, ताबडतोब खाली करा, अशी नोटीस पंधरा दिवसांनी गेटवर लागली.

सोसायटीची मीटिंग गच्चीवर झाली. सेक्रेटरी गालाभाई बिचारे हात जोडून सांगत होते, की इंजिनियर की बात माननी पड़ेगी, लाइफ का सवाल है. मोंडकर उठले. त्यांनी भाषण केलं नाही. गालाभाईंना बसायला सांगितलं, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि म्हणाले, "जिन्होंने वो हथौड़ी वाला सीन नहीं देखा, हाथ ऊपर करो."

एकही हात वर गेला नाही. मराठी, गुजराती, उत्तरेकडचे, सगळ्यांच्या घरी तीच मालिका लागायची. आपापल्या मांडीवर हात ठेवून सगळे एकमेकांकडे बघू लागले. "बस," मोंडकर म्हणाले आणि खाली बसले. दुसऱ्या इंजिनियरकडून बिल्डिंगचं दुसरं ऑडिट करून घ्यायचं, तोपर्यंत कोणी हलायचं नाही, असं ठरलं. माझा हातही मांडीवरच होता. अर्धा दिवस मलाही वाटलं होतं, की कोण जाणे, यात काहीतरी असेल. मालिका आपल्याला आतून तयार करते, हे मोंडकरांचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्ही तयार झालोच होतो. खरा माणूस खरी हातोडी घेऊन आला तर त्याला खोटा म्हणायला तयार झालो होतो, एवढं मोंडकर बघू शकले नाहीत.

रोझीमावशीने मालिका बघितली नव्हती. ती चौकवरून मासळी घेऊन यायची, चौक म्हणजे उत्तनजवळचं कोळ्यांचं गाव. टोपली डोक्यावर घेऊन चार मजले चढायची आणि दारोदारी देऊन उतरायची. नोटीस लागल्यावर दोन-तीन दिवसांनी ती खालूनच हाक मारायला लागली. मी उतरून गेले तर तिने जिन्याच्या खालच्या बाजूला बोट दाखवलं. तिथल्या सळ्या बाहेर आल्या होत्या, गंजून फुगल्या होत्या. "बाय, या जिन्यानं मी आता वर येनार न्हाय," ती म्हणाली. "मावरा पायजे तं खाली ये." मी बांगडे घेतले आणि वर आले.

त्याच आठवड्यात मी गोडदेवला भाड्याची जागा बघितली. तळमजला, पुढे थोडी मोकळी जागा, बाबांना जिने नकोत म्हणून. ऋतुजाचं कॉलेजही जवळ पडत होतं. टेम्पोवाल्याशी बोलून रविवार पक्का केला आणि घरी येऊन सांगितलं. बाबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, दुसरं ऑडिट होऊ दे. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच शिकवलंत ना, स्वतः बघा म्हणून, मग जिन्याखाली जाऊन बघा. ते म्हणाले, "सळई गंजलेली दिसते, म्हणून बिल्डिंग पडणार हे तू बघितलंस, का कोणी सांगितलं?"

माझेच शब्द, म्हणजे त्यांचेच, माझ्या तोंडावर फेकले. त्या दिवशी मी त्यांच्याशी खूप भांडले. शेवटी ते म्हणाले, तू आणि ऋतू जा, मी राहतो. एकट्याला सोडून मी जाणार नव्हते, हे त्यांना माहीत होतं.

म्हणून मी मोंडकरांना जिन्यात गाठलं. ते दुधाची पिशवी घेऊन वर येत होते. मी आयुष्यात त्यांच्याकडे एवढं एकच मागितलं. म्हटलं, "काका, बाबा तुमचं ऐकतात. त्यांना एकदा म्हणा, जाऊ या म्हणून. तुम्हाला खरं वाटत नसेल तरी म्हणा."

"मी कोणाशी खोटं बोलत नाही, सुमन."

"मग वर बघा आणि सांगा. ही भेग खोटी आहे?" आमच्या डोक्यावर जिन्याच्या छतात बोट जाईल एवढी भेग पडली होती.

त्यांनी वर बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, अगदी मायेने, आणि म्हणाले, "बघ, तू पण घाबरलीस. हेच पाहिजे असतं त्यांना." मग दुधाची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन वर गेले. संध्याकाळी साडेसातला ते नेहमीसारखे आमच्या स्टुलावर येऊन बसले. मी त्यांना हाकलून द्यायला हवं होतं. बाबांचं मन मोडायला नको म्हणून मी चहा दिला. टेम्पोवाल्याला फोन करून रविवार रद्द केला तोही मीच.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ते झालं. ऋतुजा क्लासला होती. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होते. हॉलमध्ये बाबा आपल्या खुर्चीत आणि समोर टीव्हीखाली मोंडकर, दोघेच. मालिकेत नायिकेची ती बिल्डिंग पाडत होते, त्याचा आवाज माझ्यापर्यंत येत होता. मध्येच एक वेगळा आवाज आला, टीव्हीतला नव्हे. घर हललं. मी बाहेर आले तेव्हा हॉलमध्ये काहीच दिसत नव्हतं, नुसती पांढरी धूळ होती आणि त्यात टीव्ही चालू होता. छताचा मोठा तुकडा सळईसकट खाली आला होता. तो बाबांच्या खुर्चीवर पडला होता. स्टुलापर्यंत फक्त धूळ गेली होती. मोंडकर तसेच बसले होते, वही गुडघ्यावर, तोंड खुर्चीकडे.

बाबा हॉस्पिटलमध्ये चार दिवस होते. एकदाच शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी ऋतू कुठे आहे असं विचारलं. ती क्लासला गेली होती म्हटल्यावर डोळे मिटले. बिल्डिंग त्या मंगळवारीच पोलिसांनी खाली केली आणि नंतर पाडली. त्या एका तुकड्यानंतर दुसऱ्या ऑडिटचं नाव कोणी काढलं नाही. ज्या लोकांनी गच्चीवर हात खाली ठेवले होते, ते सगळे माझ्याकडे येऊन रडून गेले.

मोंडकर ते चारही दिवस हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बाकावर बसून होते. स्मशानात लांब, नळापाशी उभे होते. मी त्यांच्यापर्यंत चालत गेले आणि सांगितलं, की यापुढे मला तोंड दाखवू नका. त्यांनी मान खाली घातली आणि निघून गेले. पुढे ते विरारला मुलाकडे राहतात असं कानावर आलं. मला त्यांची दया आली नाही. यायला हवी होती असं कोणी म्हणालं तर मी त्यालाही दार दाखवेन.

बाबा गेल्यावर आम्ही दोघी गोडदेवला राहायला आलो. यंदा दिवाळीनंतर एका रविवारी तिथल्या घराची बेल वाजली. दारात चाळिशीचा एक उंच माणूस होता. नाव सांगायच्या आधीच उंचीवरून ओळखलं. नीलेश म्हणाला, बाबा पंधरा दिवसांपूर्वी गेले. शेवटी शेवटी टीव्ही लावू द्यायचे नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. वह्यांचा गठ्ठा त्यांनी स्वतःच रद्दीत द्यायला सांगितला, एक तेवढी ठेवून घेतली. त्या वहीवर 'सुमनला देणे' असं लिहिलं होतं. ती त्याने माझ्या हातात दिली. तो आत येऊन बसला, मी पाणी दिलं.

मला उघडायची नव्हती ती. पण तो समोर बसला होता, म्हणून शेवटचं लिहिलेलं पान काढलं. अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. वर त्या मंगळवारची तारीख होती. डावीकडच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बिल्डिंग पाडायचा सीन. शंकरराव दोनदा वर बघतात. शर्ट झटकतात. असर होतोय.'

शर्ट झटकतात. मी ते तीनदा वाचलं. टीव्हीत बिल्डिंग पडत होती म्हणून बाबा वर बघत नव्हते. त्यांच्या खांद्यावर माती पडत होती. पडली, त्यांनी वर बघितलं, झटकली. पुन्हा पडली, पुन्हा बघितलं. समोर चार हातांवर एक माणूस बसला होता, ज्याला चेहऱ्यावरची रेष हललेली दिसायची, आणि त्याने ते सगळं बघून, नीट लिहून घेतलं. मान वर करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ त्याने पेन चालवलं.

उजवीकडचा रकाना पुष्कळ दिवस रिकामा राहिला असावा. त्यात नंतर कधीतरी दुसऱ्या शाईने लिहिलेल्या दोनच ओळी होत्या. 'माती पडत होती. ठिपका चुकला.'

नीलेशने विचारलं, काही महत्त्वाचं आहे का त्यात. मी नाही म्हटलं. हे सगळं मोंडकरांना कळलं होतं आणि ते मला समोर येऊन सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. मीच तोंड दाखवू नका म्हटलं होतं, हे मला आठवलं. तरीही यायला हवं होतं त्यांनी. दारात उभं राहून माझ्या शिव्या खायला हव्या होत्या. मरून वही पाठवणं सोपं होतं. मी ते पान फाडून घेतलं आणि बाकीची वही नीलेशला परत दिली. त्याने ती पिशवीत टाकली.

पान कपाटात बाबांच्या चष्म्याच्या डबीखाली आहे. मी मोंडकरांना माफ केलेलं नाही आणि करणार नाही. पण त्या पानाने मला एक सवय लावली आहे. संध्याकाळी ऋतुजा टीव्हीसमोर बसलेली असते, मी आत-बाहेर करत असते. मध्येच कधीतरी ती पंख्याकडे नाहीतर पालीकडे बघायला मान वर करते. मी तिच्या तोंडाकडे बघत नाही. हातातलं काम तिथेच टाकते आणि वर बघते.